डावा सुळा

उस्ता सोतिवोल्दीच्या धाकट्या लेकीला दोन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला आणि चाळीस दिवस उलटल्यावर त्याला थाटात पाळण्यात घातलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पाळण्याला तीनशे माणूस जेवलं, पुलावाच्या दोन कढया उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उस्ता नेहमीच्या वेळी कोकंदमधल्या दातांच्या लॅबमध्ये आला. कोट खुंटीला लावला, ॲप्रन बांधला, रबराची वाटी उपडी करून दोनदा झटकली आणि प्लास्टरच्या डब्यात चमचा घातला. तेवढ्यात डॉक्टर मशहुरा जिन्यातून खाली वाकली.

"उस्ता, आज प्लास्टर कालवू नका. ओदिलजानचं माप आलंय."

उस्ताने चमचा ठेवला, हात ॲप्रनला पुसले आणि दोन्ही हात ओंजळीसारखे तिच्यापुढे धरले. माप असंच घ्यायचं, दोन्ही हातांनी, हे त्याला पन्नास वर्षांपूर्वी शिकवलेलं होतं. मशहुराने त्या ओंजळीकडे पाहिलं आणि ती जराशी ओशाळली. "प्रकाशाच्या कांडीने घेतलंय, हातात द्यायचं काही नाही त्यात. वर या, पडद्यावर दाखवते."

ओंजळ तशीच राहिली, क्षणभर. जिना उतरताना एक पायरी कमी भरावी आणि पाय नुसताच जमिनीवर आपटावा, तसं काहीतरी उस्ताच्या खांद्यापर्यंत गेलं. वर जाऊन त्याने पाहिलं. काळ्या पडद्यावर गुलाबी रंगाचा वरचा जबडा तरंगत होता, मशहुराचं बोट फिरेल तसा फिरत होता, खालून, वरून, घशाच्या बाजूने. हिरडीतून सहा पांढरे खुंट वर आले होते; हाडात बसवलेल्या सहा स्क्रूंवर ते माप घेण्यापुरते चढवलेले होते. चित्र सुंदर होतं. हिरडीवरची बारीक नससुद्धा दिसत होती. पण लाळ नव्हती, वास नव्हता, वजन नव्हतं. पन्नास वर्षांत उस्ताच्या हाती हजारो जबडे आले होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले, कडेला रक्ताचा धागा लागलेले, कधी दह्याचा, कधी नसवारच्या तंबाखूचा वास मारणारे. माणूस कोण ते त्याला वासावरून नाही कळलं तर वजनावरून कळे. त्याचे गुरू पिन्हास अका बुखाऱ्याचे यहुदी होते, पुढे सगळं घर घेऊन समुद्रापार गेले. ते पहिल्या दिवशी त्याच्या हातात एक ओला ठसा ठेवून म्हणाले होते, "हे माणसाचं तोंड आहे. तो झोपेत दाखवतो तेवढंच, एरवी बायकोलाही दाखवत नाही. नीट धर." तेव्हा उस्ता एकवीस वर्षांचा होता, नुकताच फौजेतून आला होता, आणि हातातलं ते ओलं, गार, खड्ड्याखड्ड्यांचं ओझं पडेल म्हणून त्याने श्वास धरला होता.

"कसं वाटलं?" मशहुराने विचारलं.

"चित्र चांगलं आहे."

"चित्र नाही उस्ता, माप आहे."

"तुझ्या बापाला मी तीन सोन्याचे दात बसवले तेव्हा त्यालाही चित्रच आवडलं होतं. आरसा घेऊन बसला होता दोन तास."

मशहुरा हसली. ती एकतीस वर्षांची होती, ताश्कंदला शिकलेली, सहा महिने कोरियात, सोलला राहून आलेली. तिच्या हातात घाई नव्हती आणि ही गोष्ट उस्ताने पहिल्याच दिवशी हेरून ठेवली होती. तोंडावर मात्र तो तिला कधी चांगलं म्हणाला नव्हता.

ओदिलजानचं प्रकरण साधं नव्हतं. हा माणूस मार्चमध्ये रशियातल्या सरातोवहून परतला, एकोणीस वर्षांनी. गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, आला तेव्हा अठ्ठेचाळीसचा, एक पिशवी आणि वरच्या जबड्यात तीन हलते दात घेऊन; तेही काढून मशहुराने हाडात सहा स्क्रू बसवले होते. तिकडे बांधकामावर दात दुखला की उपटायचा, एवढाच इलाज होता. कागदपत्रं हरवली, मग निघायची भीती, मग लाज, आणि शेवटची नऊ वर्षं पत्रही नाही. आई, हुरियत खाला, या काळात थकत गेली; सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली, यंदा पायांवर सूज चढू लागली, आणि हृदयाच्या डॉक्टरने ओदिलजानला बाजूला घेऊन सांगितलं की हिवाळा काढतील असं धरून चालू नका. पण ओदिलजानचं दुखणं वेगळंच होतं. त्याची आई त्याला मुलगा मानत नव्हती. तिला भ्रम झाला नव्हता. शेजारणीच्या गाईने कितव्या वर्षी जुळं दिलं तेही ती सांगे. आवाज ऐकून म्हणाली, माझ्या ओदिलच्या बोलण्यात अशी शीळ नव्हती. गालांवरून हात फिरवून म्हणाली, हा चेहरा आत गेलाय, माझ्या मुलाचा भरलेला होता. शेजाऱ्यांनी शपथा घेतल्या, पासपोर्ट हातात दिला. ती म्हणाली, "पासपोर्टावर शिक्का सरकारचा. तोंडावर माझा असतो." आणि तेव्हापासून ती त्याला 'मेहमान' म्हणे. दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागेवर त्याच्यासाठी जाड गादी घाले, चहाचा पहिला पियाला त्याच्यापुढे ठेवी, त्याला काम सांगत नसे. पोटच्या पोराला घरात सरपणही आणू देत नसे. हे सगळं ओदिलजानने उस्ताला खुर्चीत बसून, ओठ मुठीने झाकून सांगितलं होतं. "उस्ता अका, दात बसले की ती मला ओळखेल. वेळेत होईल ना?"

उस्ता म्हणाला होता, "होईल." असं ठाम तो सहसा बोलत नसे, आणि बोलून गेल्यावर त्याला स्वतःचाच राग आला होता.

पडद्यावरचा जबडा तारेतून ताश्कंदला गेला आणि आठ दिवसांनी धातूची चौकट आली, दातांखाली राहणारा सांगाडा, सहा भोकांचा, चंद्रकोरीसारखा. काय घासून गुळगुळीत केलं होतं त्यांनी. उस्ताने ती उजेडात धरली आणि त्याच्या मनात आपोआप कौतुक आलं. मग मशहुराने ती ओदिलजानच्या तोंडात ठेवली, उजव्या टोकाचा एकच स्क्रू आवळला, आणि डावं टोक उठलं. फार नाही, तीन-चार केसांइतकं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. सगळे स्क्रू आवळले असते तर चौकट बसली असती, पण जोरावर बसली असती. मग तो ताण दिवसरात्र हाडावर राहिला असता आणि दोन-तीन वर्षांत एखादा स्क्रू सैल झाला असता. उस्ताने सांगण्याआधी मशहुरानेच स्क्रू काढला, चौकट ताटलीत ठेवली आणि हातमोजे उतरवले.

"माझं चुकलं," ती खाली आल्यावर म्हणाली. "दात असते तर प्रकाशाला खूण सापडली असती. नुसत्या गुळगुळीत हिरडीवर तो वाट चुकतो. एका स्क्रूपासून दुसऱ्यापर्यंत जराशी चूक, तिथून तिसऱ्यापर्यंत जराशी. शेवटी सगळी चूक डावीकडे साठली."

"वाळवंटात ट्रकवाल्याचं होतं तसं."

"तुम्ही हसताय."

"हसत नाही पोरी. तू एक-दोन दातांना प्रकाश लावतेस तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या कामात मला कानस लावावी लागत नाही, हे मी सांगितलं नाही कधी. आता सांगतो."

तिने चकित होऊन पाहिलं. उस्तालाही आश्चर्य वाटलं, इतक्या वर्षांत आपण हे का नाही म्हणालो. पिन्हास अकांनी त्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून असेल. शिकवताना कौतुक केलं की हात ढिला पडतो, असं त्यांचं मत होतं. पण ते जायला निघाले तेव्हा स्टेशनवर त्यांनी उस्ताचा उजवा हात धरला आणि उलटसुलट करून बराच वेळ पाहिला, जणू तो विकत घ्यायचा होता. मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरची पाळी आली. सहा स्क्रूंवर धातूचे सहा उंच खुंट चढवले. त्यांना दातांच्या फटी साफ करायच्या धाग्याने एकमेकांशी बांधून वर लाल राळ चढवली, राळ सुकली की प्रत्येक दोन खुंटांमध्ये बारीक करवतीने कापली, आणि मग तो काप पुन्हा थेंबभर राळेने जोडला, कारण राळ सुकताना आखडते आणि ते आखडणं असं मोडून काढावं लागतं. मग उस्ताने प्लास्टर कालवून मापाच्या धातूच्या ताटलीत भरलं. ठसा घ्यायचा रबराचा मसाला सोपा, माणसाला सोसतो, पण रबर वाकतं आणि निघताना परत जागेवर आल्याचा आव आणतं. प्लास्टर वाकत नाही. कुठे ओढ पडली तर फुटतं, आणि फुटलं की कुठे चुकलो ते कळतं. म्हणून पिन्हास अका अवघड तोंडाला प्लास्टरच लावत. ओदिलजानचं तोंड भरलं. नाकाने श्वास घे, जीभ खाली ठेव, असं सांगून उस्ता त्याच्या डोक्यामागे उभा राहिला, एक तळहात त्याच्या कपाळावर, दुसऱ्या हाताने ताटली धरून.

"सरातोवला पुलाव मिळायचा का रे?"

ओदिलजानने डोळे हलवले.

"गाजर आपल्यासारखं पिवळं की तांबडं?"

डोळे पुन्हा हलले, आणि कडेतून पाणी वाहू लागलं.

"तांबडं. बघ, तेच वाटलं मला. म्हणून तू आलास."

प्लास्टर बसताना तापतं. ती ऊब उस्ताला ताटलीच्या धातूतून बोटांना लागली, मंद, मग वाढत जाणारी, मग स्थिर. ही ऊब त्याला नेहमीच आवडे. त्याची बायको सादत वारून सात वर्षं झाली होती. तिचा चेहरा आठवायला बसलं तर आता फोटोतला चेहरा आठवे, खरा नाही. पण तिच्या खालच्या जबड्याचा साचा लॅबमधल्या फळीवर तिसऱ्या रांगेत होता, आणि तिच्या दाढेवरचा तो उतार अंगठ्याला अजून पाठ होता. एकदा, ती गेल्यावर महिन्याभराने, कुणी नाही बघून त्याने तो साचा खाली घेतला होता आणि अंगठा फिरवला होता. तेवढ्या वेळापुरती ती घरात कुठेतरी असल्यासारखी वाटली होती, स्वयंपाकघरात वगैरे. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता ओदिलजानच्या कपाळावर हात ठेवून उभं असताना त्याला वाटलं, आंधळ्या बाईला चेहऱ्यापेक्षा तोंडच जास्त कळत असेल.

ठसा फुटला नाही. एका दमात निघाला. उस्ताने त्यावर साचा ओतला. मशहुराने त्या कोरड्या, पांढऱ्या, खुणांनी भरलेल्या साच्यावर आपला प्रकाश फिरवला आणि ते चित्र ताश्कंदला गेलं. या वेळी चौकट आली तेव्हा एक स्क्रू आवळल्यावर दुसरं टोक जागचं हललं नाही. मशहुराने भिंग लावून पाहिलं, केसभर उजेडही कुठे दिसत नव्हता. "उस्ता," ती म्हणाली, "असं मी सोललाही पाहिलं नाही." उस्ता म्हणाला, "सोलला प्लास्टर महाग असेल." पण जिना उतरताना त्याचे गुडघे हलके झाले होते.

चूक त्यानंतर झाली, आणि ती उस्ताचीच. चौकटीवर मेणात दात लावायचे होते, तोंडात घालून बघण्यापुरते. ओदिलजानचा तरुणपणीचा फोटो नव्हता. एक होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात त्याने तोंड मिटलं होतं. मग उस्ताने लावले ते त्याला येत होते तसे लावले. कोकंदमध्ये कुणीही म्हातारा असो की नवरी, खुर्चीत बसला की म्हणतो, सरळ लावा, सिनेमातल्यासारखे. पन्नास वर्षं हेच ऐकून त्याची बोटं वाकडं लावायला विसरली होती. चौदा दात मोत्यांच्या ओळीसारखे बसले. ओदिलजानने आरशात पाहिलं, ओठावरची मूठ खाली घेतली, आणि मशहुराच्या परवानगीने ते तसेच घालून एका तासासाठी घरी गेला. परतला तो फाटकातूनच मूठ ओठावर धरून.

"काय म्हणाली?"

"बोट फिरवलं तिने. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, मेहमान, छान दात आहेत तुमचे, कुठून घेतले." तो खुर्चीत बसला. "मग चहा ओतला. पहिला पियाला मला."

बाहेर कोकंदचा वारा सुटला होता, फाटकाचा पत्रा आपटत होता.

"तुझे आधी कसे होते?" उस्ताने विचारलं.

"मला काय माहीत उस्ता अका. दात असतात तेव्हा कोण बघतं. एक वाकडा होता एवढं आठवतं. ती लहानपणी अंगठ्याने दाबायची तो, सरळ होईल म्हणून. रोज झोपताना."

"कुठला?"

"इकडचा असेल." त्याने डावीकडे हात नेला, मग उजवीकडे. "कसा होता ते तिलाच ठाऊक. आणि त्या चावलेल्या नानाला."

"कुठल्या नानाला?"

ओदिलजानने मान वर केली. त्यालाही ते आत्ताच सुचलं होतं.

रीत अशी, घर सोडून जाणारा उंबऱ्यावर नानाचा, भट्टीतल्या रोटीचा, एक घास चावून जातो. उरलेला नान भिंतीवर टांगतात आणि तो परतला की त्यानेच काढून संपवायचा. उस्तानेही फौजेत जाताना चावला होता. दोन वर्षांनी आला तेव्हा तो नान इतका कडक झाला होता की आईने तो खलबत्त्यात कुटला, आणि म्हणाली, एवढ्यात यायचं होतं तर मोठा घास तरी घ्यायचास. ओदिलजानचा नान एकोणीस वर्षं खिळ्यावर होता. तो आला त्या दिवशी त्याने काढायला हात वर केला, तर आईने त्याची बाही धरली. ज्याने चावला तो काढेल, मेहमान. तुम्ही बसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं गेले. उस्ताने पिशवीत सवयीने मेण, रबराचा मसाला आणि वाटी घेतली होती. मशहुराच्या खांद्याला संगणक आणि तिची प्रकाशाची कांडी. हुरियत खाला खिडकीपाशी बसल्या होत्या, पाय उशीवर, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. नान दाराच्या डाव्या बाजूला होता, सुती जाळीत, चावलेली कड जाळीबाहेर, भिंतीपासून दोन बोटं सुटा. मधे फुलाचा ठसा, वर काळे तीळ, आणि उजव्या कडेला तो घास, अर्ध्या चंद्रासारखा. उस्ताने चष्मा बदलला आणि जवळ गेला. पहिल्याच नजरेत त्याला दिसलं. वरच्या ओळीत एका ठिकाणी चाव्याची रेघ पुढे सरकली होती आणि तिरकी वळली होती. डावा सुळा. बाहेर आलेला, आणि जरा फिरलेला, दारात कुणी आडवं उभं राहावं तसा. त्याचा हात आपोआप पिशवीत गेला, मसाल्याच्या नळीवर. मग त्याने नानाची कड पाहिली. ती उस्ताच्या श्वासानेही हलत होती. मसाला लावून ओढला असता तर सुळा, तीळ, एकोणीस वर्षं, सगळं मसाल्याबरोबर निघून आलं असतं. त्याने नळी सोडून दिली. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हाताला माप समोर असून घेता येईना.

"कोण आहे तिथं?" खाला म्हणाल्या.

"सोतिवोल्दी आहे, दातवाला. आणि डॉक्टरीणबाई."

"नानाला हात लावू नका."

"नाही लावत खाला," मशहुरा म्हणाली. "नुसता उजेड पाडते त्याच्यावर."

"उजेडाने काय होतं?"

"दिसतं."

"मला नाही दिसत," खाला म्हणाल्या आणि हात टेकत उठल्या. ओदिलजान पुढे झाला, पण त्यांनी त्याचा हात घेतला नाही. भिंत चाचपत त्या दारापाशी आल्या आणि नानाच्या बरोब्बर खाली आपली ओंजळ धरली. "पाड. कण पडला तर मला कळेल."

मशहुराने कांडी उचलली. टोकाशी निळसर पांढरा ठिपका होता. ती गुडघ्यावर बसली, मग उभी राहिली, कांडी चाव्याच्या वरून नेली, कडेने नेली, मग भिंत आणि नान यांच्या मधल्या त्या दोन बोटांच्या फटीत, मागून, सुळ्याचा आतला उतार दिसावा म्हणून. तिची कोपरं बरगड्यांना चिकटली होती. मनगट हलत नव्हतं, फक्त बोटं. कांडी नानापासून तांदळाच्या दाण्याइतकी लांब होती, आणि शेवटपर्यंत तेवढीच राहिली. संगणक मधून मधून टिक करत होता. उस्ता तिच्या हाताकडे पाहत होता. हे हात त्याला माहीत होते, पण त्याने ते असे कधी पाहिले नव्हते. ठसा म्हणजे दाबणं, हे त्याने आयुष्यभर धरून ठेवलं होतं. दाबल्याशिवाय काही उमटत नाही. आणि इथे ही पोर न दाबता, न शिवता, एका माणसाचा गेलेला घास उचलून घेत होती. पिन्हास अका असते तर, त्याला वाटलं, त्यांनी हा हात उलटसुलट करून पाहिला असता.

"झालं," मशहुरा म्हणाली.

खालांनी ओंजळ वर नेली, ओठांना लावली. कोरडी होती. एक कणही पडला नव्हता. "शिकलेली दिसते पोरगी," त्या उस्ताला म्हणाल्या. "मेहमानांना चहा द्या कुणीतरी."

चित्र आलं, पण उस्ताला झोप येईना. नान वाळताना आखडतो. चावा होता तेवढा राहत नाही, आणि किती आखडला ते कुणाला विचारणार. मग सकाळी बाजारातून त्याच जातीचे चार ताजे नान आणले. उस्ताचे पुढचे दात स्वतःचे होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याने चारी चावले; मशहुराने चाव्यांवर प्रकाश फिरवला, मग उस्ताने ते लॅबच्या भट्टीत मंद आचेवर ठेवले, नुसत्या कोमट उबेत, दोन दिवस.

"उस्ता, दातांचं काम बंद करून भटारखाना काढला का?" मशहुराने विचारलं.

"तुला एकही मिळायचा नाही."

वाळल्यावर पुन्हा मापं घेतली. चारी नान जवळपास सारखेच आखडले होते, कडेला जास्त, आत कमी. मग संगणकातला ओदिलजानचा चावा मशहुराने त्या हिशेबाने फुगवला आणि बारीक यंत्रातून छापून काढला. राळेची ती पिवळसर कमान तिने उस्ताच्या हातावर ठेवली, दोन्ही हातांनी. त्याला हसू आलं. मग दात लावायला बसला. तेरा दात तासाभरात लागले. चौदावा, डावा सुळा, दिवसभर लागेना. बोटं तो लावत आणि बोटंच नकळत सरळ करत. शेवटी त्याने डोळे मिटून अंगठ्याने लावला, एका लहान मुलाचा दात झोपताना दाबणाऱ्या बाईचा अंगठा कुठून येत असेल, त्या बाजूने. डोळे उघडून कमानीशी ताडून पाहिलं. बसला होता. कुरूप दिसत होता. उस्ता त्याच्याकडे बराच वेळ प्रेमाने पाहत राहिला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दात पक्के झाले, सहा स्क्रूंवर चढले, आणि उस्ता ओदिलजानबरोबर घरी गेला. काही टोचलं तर तिथेच बघावं, म्हणून असं तो मशहुराला म्हणाला. खाला आता अंथरुणावरच होत्या. श्वासाला खर्र असा आवाज येत होता. ओदिलजान शेजारी बसला. "आई," तो म्हणाला, आणि शीळ आली नाही. खालांनी हात पुढे केला, त्याच्या ओठांवर ठेवला, मग बोट आत घातलं, उजवीकडून. मागची दाढ. तिच्या पुढची. पुढचे चार दात. बोट सावकाश सरकत होतं. दाराजवळ उभ्या उस्ताने कोटाच्या खिशात पक्कड घट्ट धरली होती. बोट डाव्या सुळ्यापाशी आलं आणि थांबलं. मग ते बाहेर निघालं आणि त्याच्या जागी अंगठा आला. अंगठा त्या दातावर टेकला आणि दाबत राहिला, जुन्या सवयीने, सरळ व्हावा म्हणून.

"इतकी वर्षं सांगितलं दाबत जा," हुरियत खाला म्हणाल्या. "नाहीच दाबलंस."

ओदिलजानच्या तोंडात अंगठा होता, त्याला बोलता येईना.

"ऊठ. सरपण आण आधी, खोली गार पडलीय. मग नान काढ." त्यांनी अंगठा काढून रुमालाला पुसला. "चहात भिजव. तसाच चावू नकोस, नवे दात आहेत."

ओदिलजान सरपण आणायला अंगणात गेला. उस्ताही त्याच्या मागून निघाला आणि तसाच फाटकाबाहेर पडला. पक्कड खिशातच राहिली.

हुरियत खाला त्याच महिन्याच्या अकरा तारखेला, बुधवारी, दुपारच्या नमाजाआधी वारल्या. मुलगा घरीच होता.